दाजी मोकलांनी नेलेलं इंजिन

सुशील घरत जुनी गाडी पारखायला गेला की आधी मालकाकडे पाठ करायचा. मालक बिचारा चहा मागवायचा, आजोबांनी गाडी कुणाकडून कशी घेतली ते रंगवून सांगायचा, आणि हा पठ्ठ्या गाडीमागे उकिडवा बसून मडगार्डवर बोटाच्या पेराने टकटक करत असायचा. धड पत्रा असेल तर आवाज मोकळा येतो, सडका पत्रा कापून त्या जागी लांबीचा लगदा भरलेला असेल तर बसका येतो. टकटक संपली की मगच तो उठायचा, फडक्याला हात पुसायचा आणि मालकाकडे वळून म्हणायचा, "आता बोला." तोवर मालकाच्या बोलण्यातली निम्मी हवा गेलेली असायची.

पेणला गोवा रोडवर त्याचं गॅरेज होतं. रोजचं काम जीप, टेम्पो आणि रेतीच्या ट्रकांचं. पण मुंबईच्या शौकीन मंडळींत त्याचं नाव झालं होतं ते या टकटकीमुळे. साठ-सत्तरच्या काळातल्या दांडग्या इंजिनांच्या अमेरिकन गाड्या हुडकत ही मंडळी पार कोकणात उतरायची, आणि ज्यांच्याकडे नुसतं भंगार होतं ते त्यावर रंग फासून त्यांची वाट बघायचे. साध्या गाडीला मोठ्या गाडीची चिन्हं चिकटवायची, बॉनेटवर दोन पट्टे ओढायचे, की झाली शर्यतीची गाडी. अशी सोंगं सुशीलने इतकी उघडी पाडली होती की व्यवहाराआधी "घरत काय म्हणतो?" एवढंच विचारलं जाई. सख्ख्या मेव्हण्याची गाडीसुद्धा त्याने खोटी ठरवली होती. मेव्हणा अजून दिवाळीला त्याच्या घरी फराळाला बसत नाही, उंबऱ्यातूनच परत जातो.

ही विद्या सुशीलला दिली दाजी मोकलांनी. दाजी पेणच्या खाडीकाठच्या खारकरंजी गावचे. तरुणपणी रोह्याला थोरल्या शेठच्या पोह्यांच्या गिरणीत मेकॅनिक म्हणून लागले, आणि शेठच्या मोटारीही तेच सांभाळायचे. सुशील पोरसवदा असताना त्यांच्या हाताखाली पाने पुसायला होता. पाना कसा धरायचा इथपासून खोटी गाडी कशी ओळखायची इथपर्यंत सगळं त्यांनी शिव्या देत देत शिकवलं. आणि याच दाजींना सगळं रोहे चोर म्हणत होतं. बारा-तेरा वर्षं झाली, म्हणत होतं.

त्याचं कारण शेठची मस्टँग. पुढच्या जाळीत धावता घोडा असलेली, लाल रंगाची, डाव्या हाताच्या स्टिअरिंगची ती गाडी थोरल्या शेठनी मुंबईला एका लिलावात हौसेने घेतली होती. तिचं आठ सिलिंडरचं इंजिन पाण्यासारखं पेट्रोल प्यायचं. शेवटी शेठ कंटाळले आणि त्यांनी दाजींकरवी ते काढवून गाडीत टेम्पोचं डिझेल इंजिन बसवून घेतलं. त्या काळी तसं सगळेच करत. काढलेलं इंजिन दाजींच्या हवाली केलं आणि म्हणाले, नीट ठेव, दिवस पालटले की परत बसवू. दोन वर्षांनी शेठनी इंजिन मागितलं, तेव्हा दाजी म्हणाले, "नाय माज्याकडं." कुठे आहे, तर तेही सांगेनात. शेठनी गिरणीच्या अंगणात चार माणसांसमोर त्यांना चोर म्हटलं. दाजींनी मान खाली घातली आणि गावी निघून गेले. त्यानंतर रोह्याला त्यांनी पाऊल टाकलं नाही.

थोरले शेठ वारले. शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर त्यांचा मुलगा निकेश सुशीलच्या गॅरेजात येऊन उभा राहिला. तिशीचा, गिरणी नीट चालवणारा, बोलायला तोडून टाकणारा माणूस.

"मस्टँग विकतोय. मुंबईचे एक गृहस्थ घ्यायला तयार आहेत, पण तुझ्या शब्दावर. गाडी अस्सल मोठ्या इंजिनाची आहे की साध्या गाडीचं सोंग, ते तू लिहून द्यायचं. आणि मूळ इंजिन कुठे गेलं, तेही लिहायचं. त्याशिवाय ते पुढे सरकणार नाहीत."

"इंजिन कुठे गेलं ते मला काय माहीत?"

"तुला नसेल, रोह्यात सगळ्यांना माहीत आहे. दाजी मोकलांनी विकलं, असं लिही."

सुशीलच्या मस्तकात तिडीक गेली. तोंडाने लोक काय वाट्टेल ते बोलतात, ते वाऱ्यावर जातं. पण घरतने लिहिलं की ते खरं धरलं जायचं. ज्या माणसाने लिहिण्याइतकी अक्कल दिली, त्यालाच आता आपल्या हाताने चोर लिहायचं? नाही म्हणून काम सोडावं, तर निकेश दुसऱ्याकडून लिहून घेईल आणि घरतसुद्धा गप्प बसला म्हणून गावभर सांगेल.

"मी न पाहिलेलं लिहीत नाही," सुशील म्हणाला. "इंजिन शोधतो, मग लिहितो."

"बारा वर्षांत मिळालं नाही, ते तुला मिळणार?"

"मिळेल. तोवर गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये."

निकेश हसला. पण हो म्हणाला, कारण मुंबईच्या माणसाला घरतचीच सही हवी होती. महिनाभर थांबतो, म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी सुशील रोह्याला गेला. गिरणीत पोहे भाजण्याचा खमंग वास सुटला होता आणि मस्टँगवर कोंड्याचा पिवळा थर बसला होता. त्याने सवयीप्रमाणे निकेशकडे पाठ केली आणि पेराने मागचं मडगार्ड वाजवलं. आवाज मोकळा आला. मग त्याने डावीकडचं पुढचं मडगार्ड बोल्ट काढून उतरवलं. या गाड्यांचा नंबर दिसायच्या जागी असतोच, पण कारखान्यात तो मडगार्डखाली झाकलेल्या पत्र्यावरही ठोकलेला असतो. सोंग आणणारा वरचा नंबर बदलतो, आतला विसरतो. सुशीलने ब्रशने माती झाडली. पाचव्या जागी एस हे अक्षर स्पष्ट उमटलेलं होतं. एस म्हणजे कारखान्यातून निघतानाच मोठं इंजिन. गाडी अस्सल होती.

"पुढचे आकडे मी लिहून नेतो," तो निकेशला म्हणाला. "त्या सालच्या इंजिनावर हेच आकडे ठोकलेले असतात. ज्या इंजिनावर हे सापडतील, ते तुमचं."

तिथून तो तडक खारकरंजीला गेला. दाजी ओटीवर बसून मिठागराच्या पाण्याचा पंप खोलत होते. दात पडलेले, पण बोटं अजून तशीच जाड आणि काळी. सुशीलने सगळं सांगितलं. दाजी ऐकत होते, पण हात थांबले नाहीत.

"लिव की," ते म्हणाले. "चोर म्हून लिव. माजा काय जातंय?"

"तुमचं जात नसेल, माझं जातं."

"तुजा धंदा हाय तो. धंद्यात मना नको आणू."

"दाजी, तुम्ही विकलंत का?"

"नाय."

"मग कुठे आहे?"

दाजींनी पंपाचं झाकण लावलं, आतल्या दिशेने चहा टाकायला सांगितलं आणि यंदाच्या भाताविषयी बोलायला लागले. सुशील असा संतापला की चहा न पिताच उठला. फटफटीला किक मारताना तो स्वतःशी म्हणाला, हा म्हातारा सांगत नसेल तर नसो, मी याचं नाव याच्या परवानगीशिवाय धुऊन काढीन.

आणि तो कामाला लागला. रोह्यात जो भेटेल तो वेगळी हकिगत सांगायचा. कुणी म्हणे इंजिन धरमतरला चोरट्या मालाच्या लाँचवर बसवलं. सुशील धरमतरला गेला, म्हातारे तांडेल गाठले. त्यांच्या लाँचेसवर सगळी डिझेल इंजिनं. कुणी म्हणे नागोठण्याच्या भंगारवाल्याने घेतलं. भंगारवाला म्हणाला, आठ सिलिंडरचं धूड माझ्या दारात आलं असतं तर मी लग्नात मिरवलं असतं. पनवेलचा एक जुना फिटर तर छातीवर हात मारून म्हणाला की ते इंजिन त्याने स्वतः बघितलं होतं. खोदून विचारल्यावर ते ट्रॅक्टरचं निघालं. दिवसा गॅरेज पोरांवर सोडून सुशील हिंडत होता, गिऱ्हाइकं कुरकुरत होती, बायको बोलून दमली होती. पण प्रत्येक खोटी हकिगत ऐकून तो जास्तच चवताळायचा. तेरा वर्षं एक माणूस चोर म्हणून जगला आणि चोरीचा माल बघितलेला एकही जण सापडू नये, म्हणजे काय?

महिना सरत आला. मार्गशीर्षात खारकरंजीला राखणदाराला मान द्यायचा दिवस असतो. भात घरात आलं की गाव खाडीकडच्या बांधावर जमतो. या गावाचं सगळं जगणं त्या मातीच्या बांधावर. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातखाचरं. मध्ये बांध आहे तोवर भात, बांधाला खांड पडून खारं पाणी आत शिरलं की पुढची तीन वर्षं गवतही धड उगवत नाही. म्हणून बांधावर राखणदार. सुशीलही त्या दिवशी तिथे गेला; त्याला देवापेक्षा दाजी हवे होते. सणाच्या दिवशी म्हातारा मऊ पडेल, असा त्याचा हिशेब.

दाजी बांधाखाली चुलवणाशी बसले होते, वर आलेच नाहीत. देवाशी पुतळी नावाची म्हातारी होती. सत्तरी उलटलेली, वाळलेल्या खारकेसारखी बाई. तिचं खाचर बांधाला अगदी लागून, म्हणून तेलशेंदराचा मान तिचा. देव म्हणजे मांडीइतक्या उंचीचा, रुंद खांद्यांचा, शेंदराने थबथबलेला दगड. समोरून चांदीचे दोन डोळे.

"नारळ ठेव बाला, आन पाया पड," पुतळी म्हणाली.

सुशीलने नारळ ठेवला, वाकला, डोकं टेकवलं. उठताना आधारासाठी त्याने देवाच्या खांद्यावर हात ठेवला आणि बोटाचं पेर सवयीने आपोआप वाजलं. टक.

तो वाकलेलाच राहिला. दगड असा वाजत नाही. त्याने पुन्हा, हळूच, मागच्या बाजूला वाजवलं. शेंदराच्या जाड थराखाली बिडाचा भरीव आवाज होता. मग त्याने नीट बघितलं. ते रुंद खांदे दोन्ही अंगांना तिरके फाकलेले होते, उघडलेल्या दोन पंज्यांसारखे. आठ सिलिंडरचं इंजिन, नाकाडावर उभं केलेलं, मागची बाजू वर.

पुतळी त्याच्याकडे बघत होती. तो बांध उतरला आणि थेट दाजींसमोर जाऊन बसला.

"वाजवून बघितलं," तो म्हणाला.

दाजींनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"वाजवायला मीच शिकवला ना तुला," ते म्हणाले. "माजीच करनी."

मग त्यांनी सांगितलं. इंजिन त्यांनी गावी आणलं होतं, करंजेल चोपडून, भोकं राळेने बंद करून खोपटात ठेवलं होतं, होडीला करतात तसं. दुसऱ्या पावसाळ्यात उधाणाला बांधाला खांड पडली. सगळा गाव चिखल आणि गोणी घेऊन धावला. टाकलेली गोण पाण्याबरोबर आत यायची. फांद्यांचे भारे टाकले, तेही गेले. भरती पुरती चढायला अजून अवकाश होता आणि खांड रुंदावत चालली होती.

"जड काय तरी पायजे होता, जो पान्याला हटनार नाय. गावात जड असा एकच होता. मी काय इचार केला नाय बाला. साखळी लावली, बांबू घातले, पोरांनी खांदे दिले. नाकाडावर उभा सोडला खांडीत. त्याच्या पाठीला भारे अडकले, भाऱ्यांना गोणी अडकल्या. पानी थांबला. दुसऱ्या दिशी पुतळीनं त्याला शेंदूर लावला. मग त्यो देवच झाला."

"मग शेठना सांगितलं का नाही?"

"थोरला शेठ हट्टी. सांगितला असता तर चार मानसं घेऊन आला असता उकरायला. ओल्या बांधातून काढला असता, आन पुढच्या उधाणाला सगळा परत. एका मानसाला चोर म्हनतात तर म्हनू दे. भात पिकतंय ना?"

सुशीलला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. इतकी वर्षं हा माणूस एका वाक्यात सुटला असता. ते वाक्य त्याने गिळलं आणि वर पंप दुरुस्त करत बसला.

"आता मी लिहिणार," सुशील म्हणाला. "पण नंबर बघितल्याशिवाय नाही. हेच ते इंजिन, हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

"आन निकेशनं उकरून नेला तर?"

"ते मी बघतो."

"काय बघतंस? कायद्यानं त्याचाच हाय त्यो."

ते सुशीलला माहीत होतं. पण तो मागे हटणार नव्हता.

नंबर असतो ब्लॉकच्या मागच्या कडेला. इंजिन नाकाडावर उभं, म्हणजे ती कडा वरच होती, शेंदराच्या अंगठाभर थराखाली. आणि देवाचा शेंदूर काही पटाशीने खरवडत नाहीत. सुशील दुसऱ्या दिवशी पुतळीच्या दारात गेला. तिला कसं सांगावं, याची त्याने वाटभर जुळवाजुळव केली होती.

"मावशी, तो दगड नाही. ते मोटारीचं—"

"इंजन हाय," पुतळी भात पाखडत म्हणाली. "मना काय सांगतंस? चिखल मीच टाकला त्याच्या पाठीवर."

सुशील ओट्यावर टेकला.

"लोखंडाचा हाय म्हून काय झाला? तुमच्या पेनचे गनपती मातीचेच ना? आमच्या पोटाला ज्यानं राखला, त्यो आमचा देव. तू काय करायला आयलास, ते सांग. न्यायला की बघायला?"

"बघायला. दाजींना चोर म्हणतात ते थांबवायला."

पुतळीने सूप खाली ठेवलं.

"दाजीला पन कौल लावला नाय आमी तेवा," ती म्हणाली. "त्याचा त्यानं दिला, आमी घेतला. रोह्याला त्याला काय बोलतात ते ठावूक व्हता सगल्यांना. आमी बी गप बसलो. चल, देवालाच इचारू."

बांधावर तिने देवाला पाणी घातलं, ओल्या शेंदरावर डाव्या-उजव्या खांद्याला तांदळाचा एकेक दाणा चिकटवला आणि मोठ्याने म्हणाली, "देवा, तुजी पाठ बघायची हाय. नेनार नाय. राजी असशील तर उजवा दे." वारा खाडीवरून येत होता. वाजवून बघता येत नाही अशा गोष्टीसाठी सुशील आयुष्यात पहिल्यांदाच हात जोडून उभा होता. उजवा दाणा सुकला, सुटला आणि घरंगळून खाली पडला.

कोमट तेल आणि लाकडी पट्टी घेऊन त्याने मागच्या कडेचा शेंदूर मऊ केला, थोडा थोडा उचलला. पुतळी तो पदरात घेत होती, खाडीत सोडायला. खालचं बीड बघून सुशील थक्क झाला. एवढ्या खाऱ्या वाऱ्यात त्यावर गंजाचा ठिपका नव्हता. जहाजांच्या पत्र्यांना गंज लागू नये म्हणून पूर्वी शेंदूरच चोपडायचे, हे त्याला आठवलं. मग आकडे दिसायला लागले. त्याने खिशातला कागद काढून शेजारी धरला. एकेक आकडा जुळला.

निकेशला त्याने स्वतः जाऊन आणलं. दाजींनी नको म्हटलं, अर्धा गाव नको म्हणाला. सुशीलने कुणाचं ऐकलं नाही. लपवून ठेवलेल्या गोष्टीवर दाजींचं नाव उभं करायचं नाही, हे त्याने पक्कं केलं होतं; तेरा वर्षं लपवूनच तर ही वेळ आली होती.

निकेश बांधावर चढला, वाकून आकडे बघितले, कागद बघितला. गाव दोन्ही बाजूंना उभा होता. दाजी लांब, एकटे.

"माझंच आहे," निकेश म्हणाला. "सुशील, खरं सांग. काढून बसवलं तर इंजिन चालेल?"

गाव सुशीलकडे बघायला लागला. एक शब्द पुरे होता. आतून सडलंय, भंगार झालंय, एवढं तो म्हणाला असता तर निकेशने विश्वास ठेवला असता, कारण घरत खोटं बोलत नाही. सुशीलच्या जिभेवर ते आलंही होतं. त्याने दाजींकडे बघितलं. दाजींनी मान हलवली, खोटं नको अशी.

"चालेल," सुशील म्हणाला. "राळेने भोकं बंद केलेली आहेत. खोलून साफ केलं तर चालेल. बसवलंत तर तुमच्या गाडीसारखी गाडी आसपास सापडणार नाही. आणि हेही खरं की हा बांध याच्याभोवती बांधलेला आहे. हे काढलंत की इथे खांड पडणार. इंजिनाची किंमत मला सांगता येते. या जागेची येत नाही."

निकेश पुन्हा आकड्यांवरून बोट फिरवू लागला. तेव्हा पुतळी पुढे आली.

"शेठ, तुमच्या गिरनीत भात कुनाचा जातो?"

"पाच-पंचवीस गावांचा जातो."

"आमचा जातो का?"

"जातो."

"त्यो बघा, कुठं पिकतो," तिने हात केला.

बांधाच्या आतल्या अंगाला कापणी झालेली खाचरं पसरली होती, खळ्यांवर पेंढ्यांच्या उडव्या रचल्या होत्या. निकेशने त्यांच्याकडे बघितलं, मग खाडीकडे बघितलं. पाणी भरतीचं होतं, बांधाच्या बाहेरच्या अंगाला खाचरांपेक्षा वर आलेलं. व्यापाऱ्याचाच मुलगा तो, त्याला ते दिसायला वेळ लागला नाही.

"राहू दे," तो शेवटी म्हणाला. आवाजात गोडवा नव्हता. "इंजिन असून देत नाही म्हटल्यावर सौदा मोडला माझा. पण सुशील, लिहायचं ते पुरं लिही. विकलं नाही, मान्य. पण माझ्या वडिलांना न विचारता दिलं, हेही खरं ना?"

"व्हय," दाजी लांबूनच म्हणाले. "न इचारता दिला. ते लिव बाला. ते माजा हाय."

सुशीलने तिथेच, बांधावर बसून लिहिलं: गाडी अस्सल. इंजिन अस्सल आणि शाबूत. दाजी मोकल यांनी ते विकलं नाही. मालकाला न विचारता खारकरंजीच्या बांधाला दिलं. इंजिन विक्रीला नाही. सही केली आणि कागद निकेशच्या हातात देण्याआधी क्षणभर धरून ठेवला.

"शेठ, हे मुंबईच्या माणसासाठी झालं. रोह्याचं काय?"

"म्हणजे?"

"चोर तुमच्या गिरणीच्या अंगणात म्हटलं गेलं, माणसांसमोर. ते तिथेच मागे घ्यायचं."

"माझे वडील गेले, सुशील."

"दाजी आहेत."

निकेशने कागद घडी करून खिशात घातला. "सोमवारी आण त्यांना," एवढंच बोलून तो बांध उतरला.

दाजी यायला तयार नव्हते. सुशीलने वाद घातला नाही. सोमवारी सकाळी तो जीप घेऊन दारात उभा राहिला आणि हॉर्न वाजवत राहिला, शेजारपाजारची कुत्री भुंकायला लागेपर्यंत. शेवटी दाजी इस्त्रीचा सदरा घालून बाहेर आले आणि एक सणसणीत शिवी देऊन जीपमध्ये बसले. वाटेत कासू गेलं, नागोठणं गेलं, निडी गेली.

गिरणीच्या अंगणात हमाल, भाजणारे, पाखडणाऱ्या बाया, सगळे जमले होते. त्यातले पुष्कळसे जुनेच. निकेश पायरीवर उभा होता. मस्टँग कोंडा झाडून मध्ये आणून ठेवलेली होती.

निकेश बोलायला लागणार, तेवढ्यात दाजींनी त्याच्याकडे पाठ केली. सावकाश चालत ते गाडीच्या मागे गेले, गुडघे धरून उकिडवे बसले आणि पेराने मडगार्डवर टकटक केली. एकदा, मग जरा बाजूला, मग खाली. अंगण शांत होतं, आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. टकटक थांबली तरी ते उठेनात. त्यांचे खांदे हलताना सुशीलला दिसले. तो जाऊन त्यांच्या आणि लोकांच्या मध्ये उभा राहिला आणि मागे हात करून त्याने आपला फडका त्यांच्याकडे सरकवला.

मग दाजी उठले. हात पुसले, तोंड पुसलं, आणि निकेशकडे वळले.

"हां शेठ," ते म्हणाले. "आता बोला."

आणि निकेश बोलला.